उरलेले डोंगर

सोलापूर सोडून गाडी दक्षिणेकडे निघाली की खिडकीबाहेरची जमीन बराच वेळ आपल्या ओळखीचीच असते. काळी माती, ज्वारीची आणि तुरीची शेते, एखाद्या ओढ्याच्या काठाला उघडा पडलेला काळा कातळ. कलबुर्गी मागे पडते, शहाबाद येते, आणि ज्या फरशीवर पालथे पडून आपल्यापैकी कित्येकांनी उन्हाळ्याच्या दुपारी काढल्या, त्या फरशीचे राखी थर खाणींच्या कडांना दिसू लागतात. वाडी जंक्शन गेले, यादगीर जवळ आले, की माती तांबूस होते आणि सपाट शेतांच्या अगदी मधोमध, आजूबाजूच्या कुठल्याच गोष्टीशी नाते न सांगता, एक उघडावाघडा दगडी डोंगर उभा दिसतो. मग दुसरा, मग तिसरा. रायचूर येईपर्यंत क्षितिजावर त्यांची चांगलीच वर्दळ झालेली असते, आणि तरीही त्यांतला प्रत्येक जण एकटा असतो.

सह्याद्रीच्या सहवासात घडलेली दृष्टी इथे प्रथम गोंधळते. आपला डोंगर असा अचानक समोर येत नाही. तो आधी पायथ्याची टेपाडे पाठवतो, मग एखादी सोंड पुढे करतो, मग माची, मग कडा, आणि हे सगळे सोपस्कार झाल्यावर माथा. लाव्ह्याचे एकावर एक आलेले थर त्याच्या अंगावर आडव्या पट्ट्यांनी उमटलेले असतात, त्यामुळे तो ओळीओळीने वाचता येतो. यादगीरच्या डोंगराला अशा ओळी नाहीत. एकच सलग वक्ररेषा जमिनीतून निघते, चढत चढत आकाशाला भिडते आणि पलीकडे उतरून पुन्हा जमिनीत शिरते. आपला काळा कातळ साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. हा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. वयाचा आकडा ठाऊक नसला तरी हा पाषाण वेगळ्या घराण्याचा आहे हे डोळ्याला आपोआप जाणवते, आणि कान नवा राग ऐकताना जसा सावध होतो तसे आपण खिडकीशी सावध होऊन बसतो.

या डोंगरांचे गोत्र जगभर पसरलेले आहे. नामिबियाच्या वाळवंटात स्पिट्झकोपे भोवतालच्या सपाटीपासून सुमारे 700 मीटर उठलेला आहे. नायजेरियात अबुजाजवळचा झुमा खडक इतका लोकमान्य की तो तिथल्या शंभर नायराच्या नोटेवर आहे. श्रीलंकेत सिगिरियाच्या शिळेवर पाचव्या शतकात काश्यप राजाने राजवाडाच बांधला. 1900 साली विल्हेल्म बोर्नहार्ट या जर्मन भूवैज्ञानिकाने पूर्व आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, अशा डोंगरांचे वर्णन करताना त्यांना बेटांचे नाव दिले, आणि अभ्यासकांच्या जगात ते नाव टिकले. पण नावांची आणि उंचीची यादी करून हे डोंगर हाती लागत नाहीत. त्यांच्याजवळ जावे लागते, आणि जायचे तर पायथ्यापासून सुरुवात करावी.

पायथ्याची रेषा ही या डोंगरांची पहिली सौंदर्यखूण. जिथे शेत संपते तिथेच डोंगर सुरू होतो. दोघांच्या मध्ये उतारावरून घरंगळलेल्या दगडधोंड्यांची रास नाही, चढण नाही, कसलीही मध्यस्थी नाही. एक पाय नांगरलेल्या मातीत आणि दुसरा उभ्या कातळावर ठेवून उभे राहता येईल इतकी ती संधी नेमकी असते. शेतकऱ्याचा नांगर थेट दगडाला टेकेपर्यंत जातो आणि तिथून वळतो. निसर्गात इतकी स्पष्ट रेषा क्वचित आढळते. समुद्रकिनाऱ्यालाही भरती-ओहोटीची संदिग्धता असते, वनाच्या कडेला झुडपांची पुसट झालर असते. इथे मात्र आडवे आणि उभे एकमेकांना थेट भेटतात, आणि त्या भेटीकडे पाहत असताना मनात प्रश्न येतो की हा एवढा थोरला पाषाण इथे आला कुठून.

आला कुठूनच नाही, हे त्याचे उत्तर, आणि या डोंगरांच्या आस्वादातला सगळ्यात मोठा आनंद मला या उत्तरात सापडतो. तो जमिनीतून वर आलेला नाही. तो होता तिथेच आहे. जमीन खाली गेली आहे. आपण आज ज्या शेताच्या बांधावर उभे आहोत ती जागा एके काळी घन खडकाच्या पोटात होती आणि त्या काळची भूमी आपल्या डोक्यावर, आजच्या माथ्याच्याही वर कुठेतरी होती. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि खडकाच्या भेगांतून खाली झिरपत राहते. ग्रॅनाइटमधला फेल्डस्पार त्या पाण्याने हळूहळू चिकणमाती होतो, काळे अभ्रक फुगते, गारगोटीचे कण सुटे होतात, आणि जागच्या जागी, अंधारात, एवढा कठीण खडक मुरूम होऊन जातो. भेगा जिथे दाट तिथे ही कुजण खोलवर जाते. जिथे भेगाच नाहीत तिथे पाण्याला आत शिरायला वाट मिळत नाही, आणि तेवढा भाग अखंड राहतो. पुढे ओढे-नद्या तो मुरूम युगानुयुगे वाहून नेतात, भूमी खचत जाते आणि आतला अभेद्य गाभा उघडा पडू लागतो. म्हणजे डोंगराच्या आकाराचा निर्णय त्याच्यावर सूर्यप्रकाश पडण्याच्या कितीतरी आधी, जमिनीखाली, होऊन गेलेला असतो.

उत्तर नायजेरियाचे सर्वेक्षण करणाऱ्या फाल्कनरने 1911 मध्ये हा दुपदरी विचार मांडला. दक्षिण आफ्रिकेतल्या लेस्टर किंगला तो पटत नसे. कडे आपला उभेपणा न सोडता समांतर मागे सरकत जातात आणि शेवटी जे शिल्लक राहते तो हा डोंगर, असे त्याचे म्हणणे होते. हा वाद बराच चालला आणि दोन्ही बाजूंना पुरावे देणाऱ्या भूमी जगात आहेत. माझे मन फाल्कनरकडे झुकते, आणि त्याचे कारण ऑस्ट्रेलियातली एक लाट आहे.

पर्थपासून पूर्वेला तीनशेहून अधिक किलोमीटरवर हायडन नावाचे गाव आहे. तिथल्या एका ठेंगण्या ग्रॅनाइटच्या टेकडीची उत्तरेकडची बाजू सुमारे 110 मीटर लांबीपर्यंत आणि 15 मीटर उंचीपर्यंत आतल्या बाजूला वळलेली आहे, अशी की फुटण्याच्या बेतात असलेली लाट वरच्यावर थांबवून दगडाची करावी. छायाचित्रांत ती पाहणारे बहुतेक जण वाऱ्याला श्रेय देतात. पण तो आतला बाक घडला मातीखाली. टेकडीच्या उघड्या पाठीवर पडणारा पाऊस ओघळून पायथ्याला मुरतो, त्यामुळे पायथ्याची माती इतर जमिनीपेक्षा अधिक काळ ओली राहते आणि तिच्या स्पर्शात असलेला खडक अधिक वेगाने कुजतो. कधीतरी ती ओली माती निघून गेली आणि तिने आत खाल्लेला बाक उजेडात आला. त्या लाटेच्या ओठापासून तळापर्यंत गंजाचे, काळे, करडे ओघळ उतरलेले आहेत आणि ते पावसाच्या पाण्याच्या वाटा दाखवतात. वर, टेकडीच्या कडेने, माणसांनी दगडांची एक बुटकी भिंत बांधून ते वाहते पाणी बंधाऱ्याकडे वळवले आहे. जे पाणी पायथ्याशी मुरून दगड पोखरत होते तेच आता त्या कोरड्या मुलखात साठवले जाते, ही गोष्ट मला लाटेइतकीच देखणी वाटते.

पायथ्याकडून आता वर चढू या, आणि त्यासाठी कर्नाटकात परत येऊ. श्रवणबेळगोळचा विंध्यगिरी हा असाच एक ग्रॅनाइटचा घुमट आहे. तो तीर्थ असल्यामुळे अनवाणी चढावा लागतो, आणि या डोंगराची त्वचा जाणून घेण्याची याहून चांगली रीत नाही. दगडातच खोदलेल्या साडेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. सकाळच्या पहिल्या प्रहरात तळव्यांना दगड गार लागतो आणि किंचित खरखरीत. मऊ फेल्डस्पार झिजून गेल्यावर मागे राहिलेले गारगोटीचे कण प्रत्येक पावलाला आपली ओळख देतात. वाकून पाहिले तर तो एकरंगी करडा वाटणारा पाषाण कितीतरी रंगांचा निघतो: दुधी, फिकट गुलाबी, धुरकट काचेसारखा, आणि मध्येच उन्हाला चमकून जाणारी अभ्रकाची टिकली. दहा वाजून गेले की मात्र हाच दगड पावले टिकू देत नाही, आणि यात्रेकरू पायऱ्यांच्या कडेला सावलीची बोटभर पट्टी शोधत उतरू लागतात.

पायऱ्या सोडून बाजूच्या उघड्या उतारावर नजर टाकली की या घुमटाची आणखी एक लकब ध्यानात येते. त्याचा पृष्ठभाग कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो आहे. हा ग्रॅनाइट घडला तो कित्येक किलोमीटर खोलवर, वरच्या खडकाच्या अजस्र भाराखाली. तो भार झिजून उतरत गेला तसा आतला पाषाण दाबमुक्त होऊन अगदी किंचित प्रसरण पावला, आणि त्या प्रसरणाने त्याच्या पृष्ठाला समांतर अशा वक्र भेगा पडल्या. म्हणून त्याचा एखादा पापुद्रा निखळला तरी खाली तोच आकार, तेवढाच गोल, पुन्हा हजर असतो. हा डोंगर झिजतो, पण बिघडत नाही. उतारावर कुठेकुठे असा अर्धवट सुटलेला पातळ थर असतो. त्यावर दगडाने हलकेच ठोकले तर घन ठिकाणी बसका आवाज येतो आणि सुटलेल्या ठिकाणी पोकळ नाद. मूर्तीसाठी शिळा निवडणारे पाथरवट याच नादावरून तिची पारख करतात. ही गोष्ट मनात ठेवू या, माथ्यावर तिची गरज लागणार आहे.

पण माथ्याआधी पाणी. इतक्या नग्न, तापलेल्या, मातीविरहित पाषाणावर जीवसृष्टी नसेल असे वाटते, आणि नेमके तिथेच या डोंगरांचे अंतरंग सर्वांत श्रीमंत आहे. माथ्याच्या सपाट भागात बशीएवढे, परातीएवढे, कुठे हौदाएवढे उथळ खळगे असतात. एखाद्या किंचित खोलगट जागी पावसाचे पाणी जरा अधिक रेंगाळते, तेवढ्यात तळाचा दगड थोडा अधिक कुजतो, पुढच्या पावसात जरा अधिक पाणी मावते. पाणी स्वतःचे भांडे स्वतः घडवत जाते. उत्तर नायजेरियातल्या अशा खळग्यांत पॉलिपेडिलम व्हॅन्डरप्लांकी नावाच्या एका चिलटाच्या अळ्या राहतात. डबके आटले की अळी आटते. शरीरातले जवळजवळ सगळे पाणी जाते, त्याची जागा ट्रेहॅलोज नावाची साखर घेते, श्वास आणि चयापचय थांबतात, आणि धुळीच्या कणासारखी ती चुरमडलेली अळी तापलेल्या खडकावर पडून राहते. हिन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा अभ्यास केला आणि विज्ञानजगत थक्क झाले: 17 वर्षे कोरड्या राहिलेल्या अळ्या पाण्याचा थेंब मिळताच हलू लागल्याची नोंद आहे. आपल्या ओळखीच्या कुठल्याही किड्याला न साधलेली ही विद्या त्या वीतभर डबक्याने तिला शिकवली.

दक्षिण आफ्रिकेतल्या खडकाळ टेकड्यांवर मायरोथॅम्नस नावाचे झुडूप असेच जगते. कोरड्या ऋतूत त्याच्या काटक्यांना चिकटलेली पाने मिटून, वाळून, तपकिरी होतात. हाताने चुरडावीत अशी. पाऊस पडला की दिवसभराच्या आत तेच झुडूप हिरवे होऊन उभे असते, नवी पालवी न फुटता, जुनीच पाने पुन्हा उलगडून. मातीच्या एका चिमटीवर आणि चार महिन्यांच्या पावसावर संसार थाटणारी अशी शेकडो रोपे या दगडी बेटांवर आहेत, आणि खालच्या सपाटीवर ती सापडत नाहीत. बेट म्हणताना बोर्नहार्टच्या मनात केवळ दृश्य होते, पण वनस्पती आणि कीटकांच्या दृष्टीने ते खरेच बेट निघाले: चहूबाजूंनी शेते आणि गवत, आणि मध्ये वेगळ्याच नियमांनी चालणारे एक छोटे राज्य.

मोझांबिकमधल्या लिको डोंगराची कथा या ठिकाणी सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्युलियन बेलिस या निसर्गशास्त्रज्ञाला 2012 मध्ये उपग्रहचित्रांत एका उभ्या कड्याच्या डोंगराच्या माथ्यावर हिरवा ठिपका दिसला. तो होता वर्षावनाचा तुकडा, आणि पायथ्याचे सारे रान शेतीसाठी तुटलेले असताना तो कड्यांच्या पहाऱ्यात सुरक्षित राहिला होता. 2018 मध्ये गिर्यारोहकांच्या मदतीने दोर लावून शास्त्रज्ञ वर पोहोचले. माणसाचे पाऊल तिथे पडले नसावे अशी सगळ्यांची समजूत होती. वर त्यांना अर्धवट पुरलेली मातीची जुनी मडकी मिळाली. कोणीतरी, कधीतरी, तो कडा चढून गेले होते आणि सोबत मडकी नेली होती. त्या माणसांची श्रद्धा काय होती हे मडकी सांगत नाहीत. मला तरी त्या शोधातली सगळ्यात मोलाची वस्तू नव्या जातीच्या फुलपाखरांपेक्षा ती मडकीच वाटतात.

कारण असा डोंगर पाहून वर काहीतरी घेऊन जावे, किंवा उलट वर जाऊच नये, असे माणसाला सर्वत्र वाटत आले आहे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी उलुरू आहे. तो ग्रॅनाइटचा नाही. फेल्डस्पारयुक्त भरड वालुकाश्माचा आहे, आणि त्याचे मुळात आडवे असलेले थर भूकवचाच्या हालचालींनी जवळजवळ उभे, 85 अंशांपर्यंत, वळलेले आहेत. माथ्यावरच्या समांतर वरंब्या-सऱ्या म्हणजे त्या उभ्या थरांची टोके. घेर 9.4 किलोमीटर, उंची सपाटीपासून 348 मीटर. त्याचा सुप्रसिद्ध तांबडा रंग हा बाहेरचा गंज आहे. लोहयुक्त खनिजे हवापाण्याने गंजून ती साय धरतात, आणि पायथ्याच्या गुहांमध्ये, जिथे ती धरलेली नाही, तिथे मूळचा करडा दगड दिसतो. पाऊस पडला की त्या तांबड्या अंगावरून क्षणात चंदेरी धबधबे सुटतात आणि माथ्यावरच्या खळग्यांत ढालीच्या आकाराचे चिमुकले जलचर, महिनोन् महिने कोरड्या अंड्यांत वाट पाहिलेले, पोहू लागतात.

पण उलुरूचे खरे रसग्रहण तिथल्या मूळ रहिवासी अनंगू लोकांनी केले आहे, आणि ते हजारो वर्षे चालू आहे. मुतिजुलू पाणवठ्यावरच्या कड्याकडे बोट दाखवून ते सांगतात की ही नागमोडी वाट कुनिया नावाच्या अजगरस्त्रीची, आणि त्या समोरच्या खाचा म्हणजे आपल्या भाच्याच्या मृत्यूचा सूड घेताना तिने लिरू या विषारी सर्पाच्या योद्ध्यावर केलेले वार. कड्यावरची एकही भेग त्यांच्या लेखी मुकी नाही. काही जागांच्या कथा बाहेरच्यांना सांगायच्या नसतात, म्हणून त्या जागांची छायाचित्रे घेऊ नयेत अशी ते विनंती करतात. 1873 मध्ये गॉस या सर्वेक्षकाने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हेन्री एअर्स या मुत्सद्द्याचे नाव या पाषाणाला दिले, आणि पुढे साखळी ठोकून त्यावर चढायची वाट झाली. 26 ऑक्टोबर 1985 रोजी ही भूमी कायद्याने अनंगूंना परत मिळाली, आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद झाली. काही पर्यटकांनी तेव्हा कुरकुर केली. ज्याला एखाद्या डोंगराभोवती सबंध दिवस चालता येते, त्याच्या प्रत्येक वळणाला वेगळा उजेड पाहता येतो, त्याचे माथा न मिळाल्याने काय अडते हे मला अजून उमगलेले नाही.

अखंड घुमटांचा असा दिमाख असताना याच घराण्याची एक विस्कटलेली शाखाही आहे, आणि ती मराठी मनाच्या फार जवळची. तमिळनाडूतली जिंजी. तिथल्या राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तिन्ही टेकड्या म्हणजे गोलसर धोंड्यांचे प्रचंड ढीग आहेत. पाहणाऱ्याला वाटते की कोणीतरी ते आणून रचले. रचले कोणीच नाहीत. इथल्या ग्रॅनाइटला उभ्याआडव्या भेगांची चौकट होती. पाणी त्या चौकटीतून शिरले, प्रत्येक चौकोनी ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी कुजले, कडा दोन बाजूंनी, सपाट अंगे एकाच बाजूने. आणि त्यामुळे ठोकळे मातीखालीच गोल झाले. मधला मुरूम धुऊन गेल्यावर ते एकमेकांवर टेकून उभे राहिले. हंपीला आपण पाहतो ते धोंडेही असेच जन्मलेले.

या ढिगांना तटबंदीने जोडून तिन्ही टेकड्यांचा एक त्रिकोणी दुर्ग उभा केला गेला. शिवाजी महाराजांनी दक्षिण दिग्विजयात, 1677 मध्ये, तो घेतला आणि बळकट केला. त्या दूरदृष्टीचे फळ बारा वर्षांनी दिसले. संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज वेषांतर करून शत्रूच्या मुलखातून जिंजीला पोहोचले, आणि स्वराज्याची राजधानी सह्याद्रीच्या काळ्या कातळावरून या करड्या धोंड्यांवर आली. झुल्फिकारखानाचा वेढा 1690 पासून 1698 पर्यंत, कधी सैल कधी आवळलेला, चालू राहिला. किल्ला पडला तेव्हा महाराज त्यातून निसटून गेलेले होते. राजगिरीच्या माथ्यावरचा बालेकिल्ला एका खोल फटीने उरलेल्या डोंगरापासून तुटलेला आहे, आणि तिच्यावर लाकडी पूल टाकून जावे लागे. पूल काढला की माथा वेगळा. ती फट म्हणजे पाण्याने रुंद केलेली ग्रॅनाइटची एक जुनी भेग. विंध्यगिरीला नसलेल्या भेगा जिंजीला होत्या, आणि त्याच तिच्या उपयोगी पडल्या. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा बारा किल्ल्यांत महाराष्ट्राबाहेरचा हा एकच होता, ही गोष्ट वाचताना ऊर भरून आला.

भेग असण्या-नसण्याचे मोल बिहारमधल्या बराबर टेकड्यांत आणखी निराळ्या रीतीने कळते. गयेच्या उत्तरेला सपाटीत उभ्या असलेल्या या ग्रॅनाइटमध्ये इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, अशोकाच्या काळी, आजीवक पंथीयांसाठी गुहा कोरल्या गेल्या. आत गेले की भिंत अंधुक उजेडात आपले प्रतिबिंब दाखवते, इतकी तिची झिलई. पण याच टेकडीतल्या लोमश ऋषी गुहेचे काम अर्धवट राहिले. सुंदर कमानीच्या दाराच्या आत छत खडबडीतच आहे. कोरता कोरता आतल्या खडकाला भेग लागली आणि म्हणून टाक्या थांबल्या, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आता विंध्यगिरीच्या माथ्यावर जाऊ. दहाव्या शतकाच्या अखेरीस गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने इथे गोमटेश्वराची, म्हणजे बाहुबलींची, मूर्ती घडवली: 57 फूट उंच, उत्तरेकडे तोंड केलेली, पायापासून मस्तकापर्यंत एका पाषाणाची. ही शिळा कुठून आणून वर चढवली असे यात्रेकरू विचारतात. ती आणलीच नव्हती. डोंगराचे शिखर हीच ती शिळा. तिच्या भोवतालचा दगड काढून टाकला आणि बाहुबली उरले. मांड्यांच्या वर मूर्तीला मागून कसलाच आधार नाही, खांदे, बाहू, मस्तक उघड्या आकाशात उभे आहे, आणि हजार वर्षांचे पाऊसवारे अंगावर घेऊन तिच्या रेषा अजून नितळ आहेत. हे शक्य झाले ते भेगेअभावी. पाण्याला आत शिरू न देणाऱ्या ज्या अखंडपणाने हा डोंगर वाचला, त्याच अखंडपणाने 57 फूटभर टाकीचे घाव सोसले. पावसाने कोट्यवधी वर्षे जे केले, कच्चे ते काढत जाणे आणि पक्के ते ठेवणे, ते काम शिल्पकाराने शिखरावर पुढे चालू ठेवले. त्याने ठोकून, नाद ऐकून, हा दगड जोखला असेल तेव्हा त्याच्या कानाला जे समाधान झाले असेल ते आपण थोडेफार कल्पू शकतो.

मूर्तीजवळ जाऊन खालच्या भागाकडे पाहावे. सगळ्यांची नजर मुखावरच्या मंद स्मिताकडे जाते आणि हा भाग निसटतो. तपश्चर्येत इतका काळ लोटला की पायांशी वारुळे वाढली, त्यांतून सर्प डोकावू लागले, माधवीची वेल पोटऱ्यांवरून मांड्यांना आणि पुढे बाहूंना वेढून गेली. खडकावर तग धरणाऱ्या त्या चिवट वेलींना आणि वारुळांना शिल्पकाराने त्याच खडकात जागा दिली. पानाच्या शिरा दिसतात, वेलीचा देठ वळताना किंचित दबलेला दिसतो. आणि वारुळांच्या त्या दगडी अंगावर, मूर्तीच्या पायांशी, कन्नड आणि तमिळ लेखांच्या सोबतीला नागरी लिपीत एक मराठी ओळ आहे: चावुंडराजाने हे करविले, एवढेच सांगणारी. मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. दुसरी ओळ नंतरची, बाराव्या शतकातल्या गंगराज सेनापतीची. मूर्तीभोवतीचे आवार त्याने करविले असे ती सांगते. ते आवार चिऱ्यावर चिरा ठेवून बांधलेले आहे. मूर्ती काढत काढत घडली, आवार रचत रचत, आणि दोन्ही कृतींची नोंद एकाच दगडावर, आपल्या भाषेत, शेजारी शेजारी आहे.

आवारातून बाहेर येऊन कठड्याशी उभे राहिले की समोर इथला चंद्रगिरी दिसतो, जिंजीचा नव्हे: दुसरा, ठेंगणा घुमट, अंगाखांद्यावर बसदी, म्हणजे जैन मंदिरे, आणि शिलालेख घेतलेला. दोन्ही घुमटांच्या मध्ये तळे, त्याच्या चौफेर पायऱ्या, गावाची कौले, नारळी, बसस्थानकाकडे जाणारा रस्ता. इथून दोन्ही माथ्यांना जोडणारी एक रेषा मनातल्या मनात आखून पाहावी. त्या रेषेखाली, तळ्याच्या आणि कौलांच्या वरच्या त्या साऱ्या मोकळ्या हवेत, एके काळी दगड होता. याच जातीचा, याच वयाचा, फक्त भेगाळलेला. त्याचा मुरूम झाला, मुरमाची माती झाली, माती वाहत वाहत कावेरीच्या वाटेने समुद्राला गेली, आणि जी जागा मोकळी झाली तिथे श्रवणबेळगोळ वसले.